गळ्याच्या आधी कान तयार होतो: नागपुरात गाणं शिकायला निघालेल्यांसाठी

पहिल्या वर्षात गाणं सोडायचा विचार मी तीनदा केला. तिन्ही वेळा तक्रार एकच होती: क्लास लावायच्या आधी मी बरी गात होते, शिकायला लागल्यापासून बिघडले. वय 41, कचेरी, दोन पोरांचे डबे आणि त्यात हे. शेवटी एकदा आमच्या बाईंना सांगूनच टाकलं. त्या पेटीचा भाता सोडत म्हणाल्या, "बिघडली नाहीस गं, तुला आता ऐकू यायला लागलं."

या बोलण्याचा अर्थ लागायला मला आणखी सहा महिने गेले. शिकताना कान आधी सुधारतो, गळा किंवा हात मागून येतो. कालपर्यंत जो बेसूर कानावरून निघून जायचा, तो आज टोचतो. गळा मात्र अजून कालचाच असतो. मधल्या या काळात आपण मागे चाललोय असं वाटत राहतं. माझ्या ओळखीत ज्यांनी गाणं, तबला, बासरी अर्ध्यावर सोडली, त्यातल्या बहुतेकांनी ती इथेच सोडली, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. म्हणून खालचं सगळं त्या महिन्यांवर डोळा ठेवून लिहिलंय.

क्लास लावण्याआधी एक तास मागे बसा

धरमपेठ, महाल, प्रतापनगर, मनीषनगर, कुठेही फिरा, संगीत वर्गाची पाटी सापडते. पाटीवरून काही कळत नाही. फी विचारायच्या आधी "एक दिवस नुसती मागे बसून ऐकू का?" असं विचारा. जिथे नको म्हणतात तिथला नाद सोडा.

मागे बसलात की पाहायचं एवढंच: शिकवणारा प्रत्येकाची पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर आपण सा धरतो ती, वेगळी काढतो की सगळ्यांना एकाच पट्टीत कोंबतो? विद्यार्थी एकटा गातो का? आणि तो गात असताना शिकवणारा गप्प राहतो का? सतत सोबत गाणारे गुरुजी प्रेमळ वाटतात, पण त्यांच्या आवाजाखाली आपली चूक झाकली जाते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पहिल्या क्लासात आम्ही बाराजणी एका सतरंजीवर बसायचो. झेरॉक्स काढलेली गाण्यांची वही, सगळ्यांना एकच पट्टी आणि सगळ्यांनी एकदम गायचं. पाच महिन्यांत चौदा गाणी "झाली". मग घरी पाहुणे आले, म्हणाले होऊन जाऊ द्या एखादं. पेटीवर बोट ठेवलं आणि पहिला सा लागेना. तोपर्यंत मी सा शेजारणीच्या आवाजातून उचलत होते, हे तेव्हा कळलं.

आपला सा शोधा आणि तानपुरा लावा

पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून आपली पट्टी ठरते. बायकांची साधारणपणे काळी चार, काळी पाच, पांढरी पाच किंवा सहा; पुरुषांची पांढरी एक, काळी एक, काळी दोन. हा ढोबळ अंदाज आहे, नियम नव्हे. कसोटी अशी की खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार गांधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) ओढाताण न होता जाता आलं पाहिजे. मैत्रीण काळी पाचमध्ये गाते म्हणून आपणही त्याच पट्टीत गाण्यात काही मोठेपणा नाही. घरात वयात येणारा मुलगा शिकत असेल तर त्याचा आवाज फुटताना पट्टी खाली सरकते. त्या काळात त्याला रागवू नका आणि जुनी पट्टीही लादू नका.

पट्टी ठरली की पेटीआधी तानपुरा. खरा तानपुरा लगेच कोणी घेत नाही, मोबाइलवरचं अॅप चालतं. मात्र ते मोबाइलच्याच स्पीकरवर वाजवू नका. त्यात खर्ज, म्हणजे खालचा जाड सा, ऐकूच येत नाही, नुसती वरची किणकिण येते. साधा छोटा स्पीकर जोडला तरी फरक पडतो. तानपुऱ्याच्या चार तारा असतात: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या (सा), आणि शेवटची खर्जाची. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमाला (म) लावतात. डोळे मिटून खर्जाच्या तारेकडे कान द्या. तार वाजते सा, पण थोड्या वेळाने तिच्यातून बारीकसा गांधार तरंगताना ऐकू येतो. कोणी तो छेडलेला नसतो. त्यालाच स्वयंभू गांधार म्हणतात. मला तो पहिल्यांदा ऐकू आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला ओढत घेऊन आले. त्याला काही ऐकू आलं नाही, तो भाग वेगळा.

त्या गांधाराचा उपयोग असा: पेटीत सप्तकाचे बारा भाग सारखे पाडलेले असतात, त्यामुळे पेटीचा शुद्ध गांधार या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. स्वर नेहमी पेटीवरून उचलत राहिलात तर कानाला त्या चढ्या गांधाराची सवय लागते. पेटी वाईट नाही, साथीला ती लागतेच. पण सा, ग, प हे स्वर तानपुऱ्यावर ठरवावेत आणि पेटी मदतीपुरती ठेवावी.

विकत घ्यायची घाई करू नका. पहिले तीन महिने अॅपवर काढा. मग जुनी पेटी बघायला गेलात तर भाता भरून, एकही पट्टी न दाबता, हवा किती वेळ टिकते ते बघा. झरकन बसत असेल तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक पट्टी एकेक दाबून ऐका. स्केल चेंजर (पट्टी बदलायची सोय असलेली पेटी) वगैरेचे पैसे नवख्याने घालवू नयेत.

वीस मिनिटं, पण ठरलेल्या जागी

दोन तासांचा रियाज मोठ्या कलावंतांच्या मुलाखतीत वाचायला बरा. नोकरदार माणसाचा तो चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी अपराधी वाटायला लागतं. वीस मिनिटं पुरेत. पण जागा आणि वेळ ठरलेली हवी, आणि पेटी किंवा तबला डोळ्यांसमोर, उघड्यावर हवा. पेटी एकदा कपाटावर गेली की रियाज गेलाच म्हणून समजा.

माझी वाटणी अशी आहे. पहिली सात मिनिटं खर्ज: खालच्या सप्तकात एकेक स्वर, एका श्वासात जितका वेळ टिकेल तितका वेळ, जोर न लावता. हे सकाळीच करायचं. सुरुवातीला आवाज जात्यासारखा घरघरतो. शेजारच्या काकूंनी एकदा भिंतीवरून विचारलं होतं, "काय वो ताई, कोनाचं पोट दुखून रायलं का तुमच्या घरी?" मग सात मिनिटं एक पलटा, म्हणजे ठरलेल्या क्रमाने चढत-उतरत जाणारे स्वर. आठवडाभर एकच. भूप राग शिकत असाल तर सारेग, रेगप, गपध, पधसां आणि तसाच उतरत खाली. आधी ठायीत (संथ लयीत), मग दुगुनीत (दुप्पट वेगात), आणि घसरायला लागलं की परत ठायीत. उरलेल्या सहा मिनिटांत बंदिश (रागातलं बांधलेलं गाणं), तीही पूर्ण नाही, तिच्यातली अडकणारी एकच ओळ.

तबला शिकणाऱ्यांचंही असंच. "धाधा तिट धाधा तिंना" हा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) प्रत्येक जण पहिल्या महिन्यात शिकतो आणि दुसऱ्या महिन्यात तो पळवायला बघतो. माझा धाकटा त्याच रांगेत होता. त्याच्या सरांनी त्याला महिनाभर लेहरा (ताल धरून फिरत राहणारी धून) लावून फक्त ठायीत बसवलं. पोरगं चिडलं, पण "तिट" स्वच्छ निघायला लागलं. गिटारवाल्यांनी बोटांची टोकं दुखतात म्हणून घाबरू नये, काही आठवड्यांत कातडी जाड होते. बासरीतून पहिले काही दिवस नुसती हवाच येते. तेही चालतं.

ज्या दिवशी अजिबात जमत नाही, त्या दिवशी तानपुरा लावून फक्त सा लावायचा आणि उठायचं. प्रवासातही काम होतं. मेट्रोत सुभाषनगरहून झाशी राणी चौकापर्यंत मी मांडीवर तीनताल मोजते: 16 मात्रा (ठोके), पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडा. तो पक्का झाला की झपतालाच्या दहा मात्रा. समोरचे लोक बघतात. बघू द्या.

पंधरवड्याला एकदा स्वतःला ऐका

यातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. मोबाइल तोंडासमोर धरू नका, चार हात लांब ठेवा. पंखा, कूलर, मिक्सर बंद. पहिल्या वेळेला स्वतःचा आवाज ऐकून जीव मेटाकुटीला येतो. तो सगळ्यांचाच येतो.

रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका. दोन दिवसांनी, वही-पेन घेऊन ऐका आणि तीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "प ध सां. ध खाली. सां बरोबर. श्वास 'ध'च्या आधी तुटतो." भूपात चढताना माझा धैवत (ध) दर वेळी थोडा उतरलेला असायचा. षड्ज मात्र नेमका लागायचा, त्यामुळे गाताना मला कधी शंकाच आली नाही. कानाने शेवटचा बरोबर स्वर लक्षात ठेवला आणि मधली चूक पोटात घातली. बाईंना दाखवलं तर त्यांनी धैवताबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हणाल्या, "श्वास पंचमाच्या आधी घे." तेवढं केलं. तीन आठवड्यांनी ध वर आला, कारण श्वास संपत आल्यामुळेच तो खाली जात होता. असला उलगडा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

जुनी रेकॉर्डिंग पुसू नका. तारीख घालून ठेवा.

बिघडल्यासारखं वाटू लागलं की

आता ती तिसऱ्या-चौथ्या महिन्याची गोष्ट. गाऊ नयेसं वाटतं, बाई टोकतात, घरचे म्हणतात "कशाला त्रास करून घेतेस". तेव्हा पहिल्या महिन्याचं रेकॉर्डिंग काढा आणि लावा. त्या वेळी तुम्हाला ते बरं वाटलं होतं, आठवतं? आता त्यातल्या चार चुका तुम्हीच दाखवाल. तेव्हा न दिसलेली चूक आज दिसते, म्हणजे कान कुठल्या कुठे पोचलाय.

दुसरा उपाय: रागाची जोडी घ्या. भूप आणि देशकार. दोघांचेही स्वर तेच पाच: सा रे ग प ध. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्यात गांधाराला मान. देशकार सकाळचा, त्यात धैवताला. आठवडाभर दोन्हींची रेकॉर्डिंग आलटूनपालटून ऐका आणि डोळे मिटून ओळखायचा खेळ करा. पहिले दोन दिवस नुसता अंदाज असतो. ज्या दिवशी पहिल्या आलापातच "हा देशकार" असं तोंडातून निघतं, त्या दिवशी गाणं सोडायचा विषय आपोआप मागे पडतो. गळ्याला काहीही न करता मिळणारी ही कमाई आहे.

आणि अधूनमधून एक भजन किंवा भावगीत घ्याच. शास्त्रीय शिकणाऱ्याने हलकं काही गायचं नाही, हा हट्ट माझ्या मते निव्वळ दिखावा आहे.

नागपूर ऐका

कान तयार करायचा तर बाहेर पडावं लागतं, आणि नागपुरात त्यासाठी खिसा फार हलका करावा लागत नाही. सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, लक्ष्मीनगरकडचं सायंटिफिक सभागृह, इथले बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात. पेपरातला "आजचे कार्यक्रम" हा रकाना वाचायची सवय लावा.

ज्यांच्या नावाने ते सभागृह आहे त्या गायक वसंतरावांकडे (1920 ते 1983) नोकरी करून शिकणाऱ्यांनी जरा निराळ्या नजरेने बघावं. जन्म मूर्तिजापूरचा, लहानपणी गाण्याचे पहिले धडे इथेच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे, आणि पुढे कित्येक वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी. आपल्याला त्यांच्यासारखं गाता येणार नाही हे मान्य, पण "नोकरीमुळे जमत नाही" हे वाक्य त्या सभागृहात बसून म्हणताना जीभ जड होते.

मैफलीत नवख्याने सगळं समजून घ्यायच्या भानगडीत पडू नये. एक गोष्ट धरायची: सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते. मांडीवर मोजत राहा, गाणारा समेवर आला की तुमचंही बोट तिथे पडतंय का बघा. हाच खेळ इतर ठिकाणीही चालतो. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं म्हणणारी मंडळं आपल्याकडे गावोगाव आहेत. खंजिरीइतकी ठसठशीत लय दुसरीकडे क्वचित मिळेल. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर भीमगीतं ऐका, ताजबागेत उर्साच्या दिवसांत कव्वाली ऐका. कव्वाल मुखड्यावर (गाण्याच्या पहिल्या ओळीवर) परत येतो तेव्हा टाळ्या कुठे पडतात, एवढं जरी धरलंत तरी ताल अंगात शिरतो.

आपला उन्हाळा आणि गळा

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की कूलर चोवीस तास चालतो, आणि कूलरचा पंखा एका ठरावीक सुरात घुमत असतो. गळा नकळत त्या सुराकडे ओढला जातो. माझा सा एका उन्हाळ्यात असाच सरकला होता आणि मी अॅपला दोष देत होते. उन्हाळ्यात रियाज सहाच्या आत, कूलर बंद करून. पाणी माठातलं, थोडं थोडं, रियाजाच्या बऱ्याच आधीपासून. बाहेरच्या झळांतून आल्याआल्या गाऊ नका.

खाण्याबद्दल प्रत्येक गुरुजींचं वेगळं मत असतं, दही नको, संत्री नकोत. मी संत्री खाते. रात्री उशिरा सावजीचा रस्सा ओरपून मात्र सकाळी खर्ज लागत नाही, हे स्वतः करून पाहिलंय. आम्लपित्त वर आलं की घसा खरखरतो. आवाज बसलेला असताना कुजबुजत बोलू नका, त्यानेही घशाला ताण पडतो. सरळ गप्प बसा. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

तबलावाल्यांचे हाल वेगळे. कोरड्या उन्हाळ्यात चामडं ताणलं जाऊन सूर चढतो, पावसाळ्यात सैल पडून उतरतो. तबला कूलरच्या वाऱ्यात ठेवू नये.

परीक्षा द्यावी का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, मध्यमाच्या दोन, पुढे विशारद. पहिल्या दोन द्याव्यात. तारीख समोर असली की रियाज चुकत नाही. पुढच्या परीक्षांसाठी घाई केली तर राग "तयार" होतात आणि निकाल लागला की विसरतात. तेव्हा दमानं.

गुरुपौर्णिमेला पहिल्यांदा गाताना

बहुतेक क्लासांत नवख्यांना पहिलं व्यासपीठ गुरुपौर्णिमेलाच मिळतं. घरी जे येतं त्याच्या निम्मं तिथे गा. आठ मिनिटं फार होतात. आणि तबलजींना आपली पट्टी आठवडाभर आधी सांगा, कारण तबला त्या पट्टीला जुळणारा आणावा लागतो.

मी सांगितली नव्हती. माझा सा काळी चारचा, तबलजी दादांनी आणलेला तबला काळी एकचा, म्हणजे माझ्या पट्टीत तो वाजणार शुद्ध मध्यम. आणि मी गाणार भूप, ज्यात मध्यम वर्ज्य! म्हणजे तबल्याच्या दर "ना" या बोलाबरोबर नको तोच स्वर घुमणार. आषाढातली दमट हवा, चामडं आधीच सैल. दादांनी एक शब्दही न बोलता हातोडी काढली आणि एकेक गट्टा (वादीखालचा लाकडी ठोकळा) ठोकत, पुडीवर (वरच्या चामड्यावर) बोट आपटून ऐकत तबला काळी दोनपर्यंत चढवायला घेतला, म्हणजे माझ्या पंचमावर. दहा मिनिटं लागली. समोर चाळीस माणसं आणि मी मांडीवर हात ठेवून गप्प. शेवटच्या दोन ठोक्यांत तबला पंचमाला लागला, आणि तो नेमका कधी लागला ते दादांनी मान हलवायच्या आधी मला कळलं होतं.

नंतर गायले बरी. मधेच एकदा धैवत खाली गेला, तोही ऐकू आला.

आता दर वर्षी ज्येष्ठ लागला की दादांना मेसेज जातो: "काळी चार, भूप नाही, यंदा दुर्गा." त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "आलं ध्यानात ताई, हातोडी आणतोच."